पिशवीवरची तारीख उलटली, किलीची अंडी फुटत नाहीत

मी किली मासे पाळतो. त्यातल्या काहींची अंडी ओलसर कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, पिशवीत आठवडेच्या आठवडे ठेवावी लागतात, आणि तयार झाली की ते पीट पाण्यात भिजवून पिल्लं काढायची असतात. फेब्रुवारी लागला की मला हमखास एक मेसेज येतो. "दादा, बारा आठवडे झाले, काल पीट भिजवलं, एकही पिल्लू नाही." मे संपत आला की दुसरा येतो. "दादा, पिशवी उघडली तर आत सगळा चिखल, अंडी दिसतच नाहीत." पाठवणारा कधी कोथरूडचा, कधी वाकडचा, एकदा तर आमच्याच सोसायटीतल्या बी विंगचा. अंडी बहुतेक वेळा गुंथेरी जातीच्या किलीची, पिशवी तीच झिपची, आणि पिशवीवर मार्करने लिहिलेली तारीखही तशीच ठळक.

दोन्ही मेसेजना माझा पहिला प्रश्न एकच असतो. पिशवी ठेवली होती कुठे?

"कपाटात" हे उत्तर मला पुरत नाही. कोणतं कपाट, कोणत्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला लागून की आतल्या, हे कळलं तर पुढचं बोलता येतं. पुण्यात एकाच घरात, एकाच दिवशी, दोन कपाटांत पाच-सहा अंशांचा फरक सहज असतो, आणि वर्षायू, म्हणजे एकाच पावसाळ्यापुरत्या जगणाऱ्या, किलीच्या अंड्यासाठी पाच-सहा अंश म्हणजे दोन-तीन महिने.

किली नवी असलेल्यांसाठी थोडं मागचं. आपल्या ओढ्यांत डोक्यावर पांढरा ठिपका असलेला जो पॅनचॅक्स दिसतो तोही किलीच, पण वर्षायू नाही. त्याची अंडी पाण्यातल्या झाडोऱ्याला चिकटतात आणि सरळ फुटतात. वर्षायू किली आफ्रिकेत आणि मध्य व दक्षिण अमेरिकेत आढळतात. त्या पावसाळी डबक्यांत राहतात, काही आठवड्यांत वयात येतात, तळच्या चिखलात अंडी घालतात आणि डबकं आटलं की मरतात. चिखलात उरतात ती अंडी, पुढच्या पावसाची वाट बघत. सह्याद्रीच्या पठारांवर कातळातल्या डबक्यांत जून-जुलैत फेअरी श्रिंप हे कोळंबीसारखे बारीक जीव दिसतात, त्यांच्या अंड्यांचा खेळही असाच. आपण घरी चिखलाच्या जागी कोकोपीट वापरतो आणि डबकं आटवण्याऐवजी पीट पिळून पिशवीत भरतो, एवढंच.

गुंथेरी, म्हणजे नोथोब्रँकियस गुंथेरी, झांझिबारचा. तिथे वर्षात पाऊस दोनदा येतो, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर लहान. म्हणजे कोरडे काळही दोन, एक आखूड, एक लांब. कोणत्या अंड्याच्या वाट्याला कोणता येणार हे मादीला ठाऊक नसतं, म्हणून एकाच घाण्यातली अंडी वेगवेगळ्या वेळी तयार होतात. सगळी एकदम तयार झाली आणि मधेच एक चुकार सर येऊन डबकं पुन्हा आटलं, तर वंशच बुडायचा. दुबार पेरणीची भीती ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

तापमान दोन कामं करतं, आपण एकच धरतो

बहुतेकांचा हिशेब असा असतो: गरम म्हणजे लवकर, थंड म्हणजे उशिरा. हे खरं आहे, पण अर्धंच.

१९७२ साली जॉन वूर्म्स यांनी वर्षायू किलीच्या अंड्यातले तीन थांबे नीट मांडून दाखवले. त्यांना डायपॉज एक, दोन आणि तीन म्हणतात. पहिला अगदी सुरुवातीला, पेशी अंड्यावर विखुरलेल्या असताना. दुसरा मधला, जेव्हा गर्भाचा लांबट आराखडा तयार असतो, हृदयाची नळी असते, पण डोळ्यांत रंग भरलेला नसतो. तिसरा अगदी शेवटी, पिल्लू पूर्ण तयार, फक्त पाण्याची वाट. हे तिन्ही थांबे प्रत्येक अंडं घेतंच असं नाही. काही अंडी मधला थांबा टाळून सरळ पुढे जातात.

आता तापमानाचं दुसरं काम. वाढ चालू असताना उष्णता वेग ठरवते हे खरंच, पण मधल्या थांब्यावर थांबायचं की पुढे जायचं, यावरही तिचाच मोठा हात असतो. व्हेनेझुएलातल्या ऑस्ट्रोफंड्युलस लिम्नेयस या किलीवर याचा छान अभ्यास झाला आहे. २० अंशांना वाढवलेली अंडी जवळजवळ सगळी मधल्या थांब्यावर जातात, ३० अंशांना वाढवलेली जवळजवळ सगळी तो टाळतात. आणि एकदा थांबलेलं अंडं म्हणजे मंद चालणारं अंडं नव्हे. ते खरोखर थांबलेलं असतं. याच माशाची मधल्या थांब्यावरची अंडी प्राणवायूशिवायसुद्धा दोन-दोन महिने तग धरतात, इतकं त्यांचं आतलं काम बंद असतं.

म्हणून "२४ अंशांना बारा आठवडे, तर २० अंशांना पंधरा-सोळा" अशी त्रैराशिकं इथे चालत नाहीत. २० अंशांना कदाचित तीस आठवडे लागतील. कदाचित तुम्ही पिशवी उबेला आणेपर्यंत काहीच होणार नाही.

हे मला पुस्तकी कळलं होतं. पटलं ते तीन पिशव्यांमुळे.

एकच पीट, तीन जागा

दिवाळीनंतर एका जोडीखालचं पीट काढलं, पिळलं, ढवळून एकजीव केलं आणि तीन सारख्या पिशव्यांत भरलं. जोडी एक, दिवस एक, पीट एक. फरक फक्त जागेचा.

पहिली पिशवी आमच्या धायरीच्या फ्लॅटमध्ये, दिवाणखान्यातल्या वायफायच्या राउटरवर. मध्ये पुठ्ठ्याचा एक तुकडा. राउटर चोवीस तास कोमट असतो. पुठ्ठ्यावर ठेवलेला थर्मामीटर हिवाळ्यातही २८-२९ दाखवत होता. दुसरी माळ्यावर, स्लॅबच्या लगेच खाली. आमचा मजला शेवटचा. डिसेंबरात तिथे पहाटे १७ आणि संध्याकाळी पाचला २६. तिसरी शनिवार पेठेत मावशीच्या जुन्या वाड्यात, दीड-दोन हात जाड भिंतीतल्या कोनाड्यात. तिथे दिवसरात्र १९ ते २१, काटा जेमतेम हलायचा.

राउटरवरच्या पिशवीत सहाव्या आठवड्यात डोळे दिसले. आठव्यात भिजवली, पिल्लं निघाली. भरपूर निघाली, पण लहानखुरी वाटली, आणि त्यातली बरीच तळाशी सरपटत होती. त्याचं पुढे सांगतो.

माळ्यावरच्या पिशवीत तेराव्या-चौदाव्या आठवड्यात डोळे आले, तेही सगळ्यांना नाहीत. अर्धी अंडी तयार, अर्धी निवळशंख.

वाड्यातल्या पिशवीत मार्च उजाडला तरी एकही डोळा नाही. अंडी जिवंत, स्वच्छ, टणक, पण आत काही घडल्याची खूण नाही. मी ती अर्धी घरी आणून २७ अंशांत ठेवली, आणि साडेतीन आठवड्यांत पिशवीत सोनेरी डोळे चमकायला लागले. चार महिने कोनाड्यात होती, ती वेळ तारखेच्या हिशेबात धरायचीच नव्हती. उरलेली अर्धी तिथेच ठेवून बघायची होती, पण मावशीने आवराआवर करताना ती फेकून दिली. म्हणाली, "अरे, मला वाटलं कुणीतरी चहाचा चोथा पिशवीत भरून ठेवलाय, वास येईल म्हणून टाकला." तेव्हापासून माझ्या प्रत्येक पिशवीवर तारखेच्या आधी "चहा नाही" असं लिहिलेलं असतं.

आता एकेक तक्रार घेऊ.

तारीख उलटली, अंडी निवळशंख

फेब्रुवारीतला मेसेज तो हाच. अंडी वाईट नाहीत, झोपलेली आहेत. नोव्हेंबर ते जानेवारी पुण्याच्या घरात, विशेषतः तळमजल्यावर, जुन्या बांधकामात किंवा उत्तरेकडच्या खोलीत, पीट २० च्या आसपास राहतं. बाहेर पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा खिडकीजवळची पिशवी १६-१७ पर्यंत उतरते.

पहिली चूक म्हणजे घाबरून भिजवणं. न झालेलं अंडं भिजवलं तर ते फुटत नाही. शिवाय ओलं-कोरडं होण्याच्या फेऱ्यात बुरशीला आयतं निमंत्रण मिळतं. दुसरी चूक त्याहून मोठी, ती म्हणजे टाकून देणं. मी स्वतः पहिल्या वर्षी कोपऱ्यातल्या कुंडीत ओतलेलं पीट आठवलं की अजून हळहळतो.

करायचं काय? अंडं बघायचं. घड्याळजीकडे असतं तसं डोळ्याला लावायचं दहापटीचं भिंग मंडईच्या आसपास किंवा ऑनलाइन सहज मिळतं. तेही नसेल तर मोबाइलचा मॅक्रो मोड चालतो. पिशवीतून चमचाभर पीट पांढऱ्या बशीत घ्या आणि लाकडी टूथपिकने पसरा. अंडं साधारण एक मिलिमीटरचं, राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, पिवळसर पारदर्शक. बोटाने हलकं दाबलं तर टणक लागतं, लवकर फुटत नाही. पहिल्यांदा सापडायला वेळ लागतो. एक सापडलं की डोळा बसतो आणि मग पटापट दिसायला लागतात.

आत नुसते तेलाचे बारीक थेंब दिसत असतील, तर अगदी सुरुवात. बलकावरून केसासारखी एक फिकट रेघ गेलेली दिसली, पण डोळ्यांत रंग नाही, तर मधला थांबा. दोन काळे डोळे दिसले पण भोवती कडं नाही, तर वाट धरली आहे, अजून दोन-तीन आठवडे. आणि काळ्या बाहुलीभोवती सोनेरी कडं, शेपूट डोक्यापर्यंत गुंडाळलेली, अंडं आतून गच्च भरलेलं, बशी हातात धरून ऊब मिळाली की आतलं पिल्लू एकदम कूस बदलतं, तर ते तयार. हे एकदा भिंगातून पाहिलं की पिशवीवरच्या तारखेचं महत्त्व आपोआप उतरतं.

झोपलेली अंडी असतील तर पिशवी उबेला न्या. २५ ते २७ पुरे. हीटर लावलेला टँक घरात असेल तर त्याच्या मागच्या काचेला पिशवी टेपने चिकटवा, वर जुना टॉवेल टाका. याहून स्वस्त इनक्युबेटर मला अजून सापडलेला नाही. दर आठवड्याला चार-पाच अंडी बघा, रोज नको. रोज उघडलं की पीट सुकतं.

पिशवीत काहीच उरलं नाही

मेच्या शेवटचा मेसेज. इथे दोन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असू शकतात आणि त्या ओळखता येतात.

एक, अंडी वेळेआधी तयार झाली, वाट बघून थकली आणि आत मेली. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बाहेर ३८-४० असतं. शेवटच्या मजल्यावर स्लॅबखालचा माळा संध्याकाळी ३५ च्या पुढे जातो, कारण दिवसभर तापलेली स्लॅब रात्री घरात ऊब सोडत बसते. डिसेंबरात चौदा आठवडे घेणारी अंडी या उन्हात सहा-सात आठवड्यांत तयार होतात. पुढे ती तिसऱ्या थांब्यावर उभी राहतात खरी, पण ३२-३३ अंशांत उभं राहणं स्वस्त नसतं. बलक जळत राहतो. तारखेप्रमाणे तुम्ही बाराव्या आठवड्यात पिशवी उघडता, तेव्हा आत चुरगळलेली टरफलं आणि तपकिरी ठिपके.

दोन, अंडी सुरुवातीलाच भाजली. पार्सल कुरिअरच्या गाडीत किंवा गच्चीखालच्या गोदामात दोन दुपारी पडून राहिलं की हे होतं. अशी अंडी पांढरी आणि मऊ पडतात, डोळे कधी आलेलेच नसतात. म्हणून मी स्वतः मार्चच्या मध्यानंतर कोणाला अंडी पाठवत नाही, कितीही आग्रह झाला तरी. कोणी पुण्यातच असेल तर घरी येऊन घेऊन जावं.

उन्हाळ्यात पिशवी ठेवायची सर्वांत चांगली जागा आमच्याकडे निघाली माठाची तिवई. माठ पाझरतो, पाणी वाफ होऊन उडतं, माठ गार राहतो आणि त्याच्या बुडाजवळची हवाही. घरात ३३ असताना तिवईखालच्या स्टीलच्या डब्यात पिशवीचं तापमान २६-२७ वर होतं. डबा यासाठी, की माठाचं थेंबथेंब पाणी पिशवीवर नको. ही युक्ती एप्रिल-मेच्या कोरड्या हवेतच चालते. मृग लागला, हवा दमट झाली की माठाचा प्रभाव संपतो, पण तोवर बाहेरचं ऊनही उतरलेलं असतं.

माठ नसेल तर औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा खोका मागून आणा, लसी ज्यात येतात तो. बहुतेक दुकानदार नुसता देतात. आत पाण्याच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या, मध्ये पिशव्या. बाटल्यांचं काम गार करणं नाही, चढउतार रोखणं. फेब्रुवारीत पुण्यात दिवस आणि रात्रीत पंधरा अंशांच्या वर फरक पडतो. खोक्यात तो दोन-तीन अंशांवर येतो. सोबत कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर हवाच, साधा नको. साध्याने तुम्ही बघता त्या क्षणाचं तापमान कळतं, आणि आपण सगळे बघतो ते रात्री जेवण झाल्यावर. दुपारी चारला काय झालं ते कळत नाही.

फ्रिज? नको. नोथोब्रँकियस उष्ण प्रदेशातले मासे आहेत. थोडी गार जागा त्यांना चालते, चार-पाच अंश नाही.

पांढरी अंडी, बुरशी

याचा तापमानाशी संबंध कमी, म्हणून थोडक्यात. पहिल्या आठवड्यात काही अंडी पांढरी पडणारच, ती फळलेली नसतात. त्यानंतरही पडत राहिली तर पीट जास्त ओलं आहे. ओल किती हवी हे विचारणाऱ्याला मी एकच शब्द सांगतो: वाफसा. मूठ दाबली की थेंब गळू नये, मूठ उघडली की गोळा राहावा, बोट लावलं की मोडावा. पेरणीला जमीन जशी हवी अगदी तशी. ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांनी तंबाखूच्या ताज्या पुडीतली ओल आठवावी.

नर्सरीतून कोकोपीटची वीट घेताना खत मिसळलेली घेऊ नका. घरी आणून दोन-तीन पाण्यांतून धुवा, अर्धा तास उकळा, पुन्हा धुवा. काही विटांत मीठ बरंच असतं.

पोटावर सरपटणारी पिल्लं

राउटरवरची पिशवी आठवते? त्यातली निम्मी पिल्लं तळावर घासत होती. यांना बेली स्लायडर म्हणतात. वाताशयात हवा भरलेली नसते, त्यामुळे पिल्लू वर तरंगू शकत नाही, उड्या मारल्यासारखं पुढे जातं आणि पुन्हा बसतं. मोठी झाली तरी अशीच राहतात. काही जण ती ठेवतात, मला बघवत नाहीत.

कारणं एकाहून जास्त आहेत, आणि त्यातली दोन थेट तापमानाची. खूप उबेत घाईने वाढलेलं अंडं लहान, अशक्त पिल्लू देतं. आणि तयार झाल्यावरही उबेतच पडून राहिलेलं अंडं बलक संपवून बसतं. पिल्लाला फुटल्या-फुटल्या वर येऊन हवेचा घोट घ्यायचा असतो, तेवढीही ताकद उरत नाही. म्हणून आता मी राउटरचा उपयोग फक्त झोपलेल्या अंड्यांना जागं करण्यापुरता करतो. डोळे दिसले की पिशवी २२-२३ वर आणतो. तिथे तयार अंडी तीन-चार आठवडे आरामात थांबतात आणि मागे राहिलेल्यांना गाठायला वेळ मिळतो. यामुळे सगळी पिल्लं एकाच वेळी निघतात असं नाही, पण पूर्वी तीन भिजवण्यांत विखुरलेली आता दोनात येतात.

तिसरं कारण खोल पाणी. बोटभर खोलीच्या वर पाणी घालू नका.

भिजवणं

हे मी रविवारी पहाटे करतो, कारण त्यानंतर दिवसभर घरी असावं लागतं.

आइस्क्रीमचा चार लिटरचा रिकामा पांढरा डबा. त्यात पीट मोकळं करून टाकायचं. पाणी आदल्या रात्रीचं माठातलं: रात्रभर उघड्यावर असल्याने महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीनही बराचसा उडालेला असतो. बोअरचं पाणी मी टाळतो, आमच्या भागात ते फार जड आहे. पाणी १८ च्या आसपास हवं. माठाचं थंडीत तेवढंच असतं. उन्हाळ्यात २२-२३ असतं, मग बर्फाचे तुकडे झिपच्या पिशवीत घालून ती पाण्यात बुडवून ठेवायची, थर्मामीटर लावून. पावसाचं पहिलं पाणी गार असतं, तीच खूण अंड्याला द्यायची आहे.

पाणी हळूच ओतलं की पीट आधी तरंगतं. मग बोटांनी दाबून बसवायचं. यात मी चिमूटभर, अगदी चिमूटभर, कुटलेलं माशांचं खाद्य टाकतो. ते कुजायला लागलं की पाण्यातला प्राणवायू थोडा खाली येतो आणि तयार पिल्लाला तोच इशारा असतो: बाहेर पड. पिल्लं टरफलाच्या आत गुदमरायला लागली की टरफल विरघळवणारा द्रव सोडतात. जुने लोक याच कारणासाठी हट्टी अंडी पाण्याच्या छोट्या बाटलीत घालून, बाटली खिशात टाकून दिवसभर फिरायचे. मी एकदा ऑफिसला घेऊन गेलो होतो. मीटिंगमध्ये बाटली टेबलावर काढून ठेवली, तेव्हा शेजारच्या बाईंनी खुर्ची सरकवली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्यात अकरा पिल्लं होती.

दोन-तीन तासांत टॉर्च तिरका धरून डब्यात बघा. पापणीच्या केसाएवढं काहीतरी, पुढच्या टोकाला दोन चमकणारे ठिपके, आणि झटक्याझटक्याने चालणारं. एक दिसलं की पाच मिनिटांत दहा दिसतात. खालून टॉर्च लावली की सगळी एका कोपऱ्यात जमतात, तिथून मोठ्या चमच्याने उचला. जाळी वापरू नका.

खाणं त्याच दिवशी हवं, आणि ते म्हणजे ताजा फुटलेला आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातला कोळंबीसारखा अगदी बारीक जीव. इथे थंडीत आणखी एक फसगत होते. आर्टेमियाची अंडीही उबेवर फुटतात. २७-२८ अंशांना चोवीस तासांत निघणारा आर्टेमिया जानेवारीत न तापलेल्या बाटलीत दोन दिवस घेतो. पिल्लं निघाली, खाणं नाही, दोन दिवसांत सगळी गेली, असं एका ओळखीच्या मुलाचं दोनदा झालं आणि तो अंड्यांना दोष देत बसला. आर्टेमियाची बाटली राउटरजवळ शुक्रवारी रात्रीच लावा.

जातीप्रमाणे फरक

गुंथेरीवर जे लिहिलं ते जसंच्या तसं सगळ्यांना लावू नका. रॅकोव्ही हाही नोथोब्रँकियसच, मोझांबिकच्या बैराकडचा. तिथे पावसाळा एकच आणि कोरडा काळ लांबलचक, त्यामुळे त्याची अंडी २४ अंशांनाही पाच-सहा महिने घेतात. रॅकोव्ही बारा आठवड्यांत भिजवणारे निराश होणारच. तिसरा नोथोब्रँकियस फुर्झेरी, ज्याच्यावर म्हातारपणाचे प्रयोग जगभर चालतात आणि ज्याचा जीनोम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो जगतो काही महिनेच, पण त्याची अंडी कधी सहा आठवड्यांत तयार होतात, कधी वर्ष घेतात. दक्षिण अमेरिकेतले ऑस्ट्रोलेबियास, उदाहरणार्थ नायग्रीपिनिस, थंडीतले मासे आहेत. त्यांची डबकी उन्हाळ्यात आटतात आणि थंडीकडे भरतात. अंडी पुण्याच्या उन्हाळ्यात एखाद्या बऱ्या जागी निभावतील, पण पिल्लं मात्र ऑक्टोबरनंतरच काढा. मेमध्ये मोठे नायग्रीपिनिस बिनएसीच्या फ्लॅटमध्ये ठेवू नका, ही माझी विनंती समजा.

लेबल

पूर्वी मी जात आणि तारीख लिहायचो. आता जात, पीट काढल्याची तारीख, ठेवल्याची जागा, आणि दर आठवड्याचं कमाल व किमान तापमान. डोळे पहिल्यांदा दिसले तो दिवस वेगळ्या रंगात. दोन हंगामांत तुमच्या घराचा स्वतःचा तक्ता तयार होतो. तो कोणत्याही परदेशी तक्त्यापेक्षा भरवशाचा, कारण त्या तक्त्यांमधली "खोलीचं तापमान" ही खोली हॅम्बुर्गमधली असते, धायरीतली नसते.

पहिल्या भिजवणीनंतर पीट टाकू नका. पिल्लं उचलून झाली की पाणी गाळा, पीट पुन्हा वाफशावर आणा, पिशवीत भरा, लेबलवर नवी तारीख घाला आणि तीन-चार आठवड्यांनी परत भिजवा. माळ्यावरच्या पिशवीतून दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त पिल्लं निघाली होती. तिसऱ्या खेपेला चार. त्यानंतर मी ते पीट उकळून कुंडीत टाकलं. उकळतो यासाठी, की त्यात एखादं झोपलेलं अंडं असू शकतं, आणि झांझिबारच्या माशाचं अंडं गटारातून मुठा नदीत जायला नको.